यकृताचे दुखणे आणि सरकारी मदत : कोणत्या खिडकीवर उभे राहावे?



ऊसनोंद, तोडणीचा कार्यक्रम, खतांचे वाटप आणि पहिल्या हप्त्याची चर्चा हे आपल्या अंकाचे नेहमीचे विषय. या खेपेस जरा वेगळा विषय घेत आहोत. गेल्या काही महिन्यांत गट ऑफिसवर आणि कारखान्याच्या मुख्य कार्यालयात एकाच तऱ्हेची विचारणा पुन्हा पुन्हा झाली. "पोराला लिव्हरचे दुखणे झाले आहे, त्याला अपंगाचा दाखला मिळेल का? सरकारची पेन्शन बसेल का?" विचारणारे बहुतेक आपलेच भागधारक आणि पोरगा बहुधा मुंबईत. आपल्या भागातले कितीतरी तरुण घाटकोपर, भांडुप, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या बाजूला राहतात. कोणी साकीनाक्याच्या वर्कशॉपात, कोणी मरोळच्या कारखान्यात, कोणी मॉलमध्ये सिक्युरिटीला, कोणी कुरिअरमध्ये. घर इथे आणि मीठभाकर तिथे, असा आपला संसार दोन ठिकाणी विभागलेला. म्हणून मुंबईतल्या मुलाचे दुखणे हा आपल्या सभासदाच्या घरचाच प्रश्न आहे असे आम्ही समजतो.

एक घडलेली गोष्ट सांगतो. नावगाव देत नाही. आमच्या एका सभासदांचा मुलगा घाटकोपरला भाड्याच्या खोलीत राहून एका वर्कशॉपात कामाला होता. जुलैत त्याच्या पोटात पाणी झाले, पायाला सूज आली, डॉक्टरांनी सिरॉसिसचे निदान केले. कामावर उभे राहवेना म्हणून बिनपगारी रजा टाकून तो गावी आला. वडिलांना कोणी तरी सांगितले, "अपंगाचा दाखला काढा, सगळे त्याच्यावर मिळते." झाले! त्या दाखल्यासाठी सात महिने हेलपाटे झाले. फोटो, झेरॉक्स, एस.टी.चे भाडे, दिवसाचा रोज बुडालेला, आणि शेवटी उत्तर मिळाले की या आजाराला हा दाखला नाही. फेब्रुवारीत ते आमच्याकडे आले तेव्हा आम्ही मुलाची पगाराची चिठ्ठी मागून पाहिली. तिच्यात दर महिन्याला राज्य कामगार विम्याची कपात होती! म्हणजे ज्या खिडकीवर पैसे मिळायचे होते तिच्यापुढे हे उभेच राहिले नव्हते. पुढे त्या खिडकीवर गेल्यावर विम्याच्या डॉक्टरचा दाखला ज्या तारखेला मिळाला तिथपासूनचे दिवस लागू झाले. मागचे सात महिने गेले ते गेलेच.

तसे दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा लेख.

आजार म्हणजे काय?

यकृत, म्हणजे बोलीभाषेत लिव्हर, हे पोटात उजव्या बाजूला बरगडीखाली असते. अन्नातून आलेले पदार्थ साफ करणे, रक्त गोठण्यासाठी लागणारी द्रव्ये तयार करणे, साखर साठवून लागेल तशी सोडणे अशी अनेक कामे ते करते. आपल्या भाषेत सांगायचे तर उसाचा रस आल्यावर त्याची निवळणी करणारा विभागच तो. त्याला वर्षानुवर्षे इजा होत राहिली की मऊ भागाच्या जागी कठीण चट्टे धरू लागतात. त्यालाच सिरॉसिस म्हणतात. सुरुवातीला माणसाला काही जाणवत नाही. पुढे पोटात पाणी होते (जलोदर), डोळे पिवळे होतात, रक्ताची उलटी होते, काळी शौच होते, आणि कधी कधी माणूस भ्रमल्यासारखे बोलू लागतो. ही लक्षणे दिसली की गावठी औषध, कावीळ उतरवणे असल्या गोष्टींत एक दिवसही घालवू नये. रक्ताची उलटी किंवा भ्रम झाला तर थेट मोठे रुग्णालय गाठावे.

अपंगत्वाच्या यादीत यकृत नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या देशात अपंगत्वाचा दाखला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याखाली मिळतो. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याआधी १९९५ चा कायदा होता, त्यात सातच प्रकार होते. नव्या कायद्याने ते २१ केले. अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरता, हातापायाचे अधूपण, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, सेरेब्रल पाल्सी, पार्किन्सन, अॅसिड हल्ल्याचे बळी हे त्यात आहेत. रक्ताच्या आजारांपैकी थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे तीन नव्याने घेतले गेले. परंतु यकृताचा जुनाट आजार या २१ प्रकारांत नाही.

दाखल्यावर टक्केवारी असते, आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. पण टक्केवारीचा प्रश्न पुढचा. मुळात यादीत नाव असेल तरच डॉक्टरांचे मंडळ टक्के मोजणार. यादीबाहेरच्या आजाराला किती टक्के द्यायचे याचे मोजमापच त्यांच्याकडे नाही. म्हणून रुग्ण अंथरुणाला खिळलेला असला तरी सिव्हिल हॉस्पिटलचे डॉक्टर नुसत्या सिरॉसिसवर दाखला देऊ शकत नाहीत. त्यात त्यांचा आडमुठेपणा नसतो, आणि चिरीमिरी देऊनही तो दाखला खरा होत नाही. कोणी एजंट "पाच हजारांत काढून देतो" म्हणत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावे. खोटा दाखला पुढे पडताळणीत सापडला तर पैसेही जातात आणि गुन्हाही अंगावर येतो.

याला एक अपवाद नीट समजून घ्यावा. यकृताच्या रुग्णालाच दुसरे एखादे यादीतले अपंगत्व असेल, तर त्याच्या जोरावर दाखला मिळतो. उदाहरणार्थ, मधुमेहामुळे पाय कापावा लागला असेल तर हातापायाच्या अधूपणाचा दाखला मिळेल. थॅलेसेमियाच्या मुलाला वारंवार रक्त चढवून यकृतावर परिणाम झाला असेल तर त्याचा दाखला थॅलेसेमियाच्या नावावर निघेल. अशा घरांनी अर्ज जरूर करावा. तो स्वावलंबन या सरकारी संकेतस्थळावरून करता येतो आणि मंजुरीनंतर यू.डी.आय.डी. कार्ड मिळते.

मग "लिव्हरवाल्याला अपंगांची पेन्शन मिळते" ही बातमी आली कुठून? आम्ही थोडा शोध घेतला. पोरे मोबाइलवर वाचतात ती माहिती पुष्कळदा अमेरिकेची असते. तिथल्या सामाजिक सुरक्षा खात्याच्या आजारांच्या यादीत यकृताचा जुनाट आजार खरोखरच आहे. पोटात पाणी, शिरा फुटून रक्तस्राव, मेंदूवर परिणाम अशा गोष्टी ठराविक तपासण्यांनी सिद्ध झाल्या तर तिथे माणूस कामास असमर्थ धरला जातो, आणि यकृत बदलल्यानंतर एक वर्ष तर धरतातच. आपल्याकडचा कायदा निराळ्या पद्धतीने चालतो. तिकडे "माणूस काम करू शकतो का" हे पाहतात, इकडे "आजार यादीत आहे का" हे आधी पाहतात. आपल्या कायद्यात केंद्र सरकारला नवे प्रकार अधिसूचनेने वाढवण्याचा अधिकार आहे. यकृताच्या शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांचा त्यात समावेश व्हावा अशी मागणी करणे रास्तच आहे. पण ते होईपर्यंत घरातली चूल थांबत नाही. म्हणून आज उघड्या असलेल्या खिडक्या पाहू.

पहिली खिडकी : राज्य कामगार विमा

ही खिडकी आपल्या लोकांना फारशी ठाऊक नाही, त्याला कारणही आहे. साखर कारखाना हा या विम्याच्या कायद्याने हंगामी कारखान्यांत मोडतो आणि हंगामी कारखान्यांना ही योजना लागू नाही. त्यामुळे आपल्या गावच्या कट्ट्यावर भविष्य निर्वाह निधीची चर्चा होते, पण कामगार विम्याची होत नाही. मुंबईत गेलेल्या पोराला मात्र तो लागू असतो आणि बापाला त्याची गंधवार्ता नसते.

ही योजना १९४८ च्या कायद्याने आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, तरी योजना चालूच आहे. साधारण दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला ती लागू होते. १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार तिच्यात येतो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. ठेकेदाराकडच्या माणसालाही ती लागू असते. पगाराच्या चिठ्ठीवर ई.एस.आय. अशी कपात दिसली की समजावे, मुलगा विमेदार आहे.

आता मुद्द्याचे. या विम्यात रोख लाभ दोन पायऱ्यांनी मिळतो.

पहिली पायरी साधा आजारपण लाभ. वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे धरतात. आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा हिशोबात येत नाहीत.

दुसरी पायरी विस्तारित आजारपण लाभ. दीर्घ मुदतीच्या ३४ आजारांची एक यादी विमा महामंडळाने केली आहे आणि तिच्यात जलोदरासह यकृताचा सिरॉसिस हे नाव स्पष्ट लिहिलेले आहे! अपंगत्वाच्या यादीत ज्याला जागा नाही त्याला इथे आहे. हा लाभ पगाराच्या ८० टक्के दराने मिळतो. आधी १२४ दिवस आणि पुढे वैद्यकीय मंडळाच्या तपासणीनुसार वाढत वाढत जास्तीत जास्त ७३० दिवस, म्हणजे दोन वर्षे. अट अशी की सलग दोन वर्षे विमापात्र नोकरी झालेली असावी आणि आधीच्या चार वर्गणी कालावधींत मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली असावी.

हिशोब मांडून पाहू. मुलाचा सरासरी रोज ६०० रुपये धरला तर ७० टक्क्यांनी ४२० रुपये रोज, ९१ दिवसांचे ३८,२२० रुपये. पुढे ८० टक्क्यांनी ४८० रुपये रोज, १२४ दिवसांचे ५९,५२० रुपये. पूर्ण ७३० दिवस मंजूर झाले तर ३,५०,४०० रुपये. वर सांगितलेल्या मुलाचे सात महिने, म्हणजे २१० दिवस, याच दराने मोजले तर सुमारे ९५,००० रुपये नुसत्या न जाण्याने बुडाले. आपल्या किती सभासदांच्या एकरभर उसाचे बिल खर्चवेच जाता तेवढे हातात राहते, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आता त्यातल्या खाचाखोचा.

एक, दाखला विम्याच्या डॉक्टरचाच लागतो. खासगी डॉक्टरचे कागद तपासणीला उपयोगी पडतात, पण त्यांच्यावर पैसे निघत नाहीत. मुलाच्या नावाला जो विमा दवाखाना जोडलेला आहे तिथे आधी जावे. मोठ्या तपासणीसाठी तिथून रुग्णालयात पाठवतात. उपनगरांत मुलुंड आणि कांदिवली येथे कामगार विम्याची रुग्णालये आहेत. तिथे नसलेला उपचार करारातल्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवून केला जातो.

दोन, दाखल्यात खंड पडू देऊ नये. ज्या दिवसांचा दाखला नाही त्या दिवसांचा पैसा नाही. गावी यायचेच असेल तर आधी विमा वैद्यकीय अधिकाऱ्याला सांगून, आपल्या जिल्ह्यातल्या विमा दवाखान्यात उपचार आणि दाखला मिळण्याची सोय लावून मगच गाडीत बसावे.

तीन, घाईने राजीनामा लिहून देऊ नये. आजारी माणसाला "आता तू येऊ नकोस, एवढ्या कागदावर सही कर" असे गोड बोलून सांगणारे असतात. सही करण्याआधी घरच्यांशी, युनियन असेल तर युनियनशी बोलावे. नोकरी सुटलीच असेल तरी हातपाय गाळू नयेत. आधी भरलेल्या वर्गणीवर पुढे काही काळ हक्क राहू शकतो. विम्याच्या शाखा कार्यालयात जाऊन विमा क्रमांक दाखवून विचारावे.

चार, हा विमा कुटुंबालाही वैद्यकीय उपचार देतो. मुलावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचे सर्व मार्गांचे उत्पन्न मिळून महिना ९,००० रुपयांच्या आत असेल तर त्यांची नावेही लावता येतात. म्हणजे उलट बाजूने, आजारी बाप असला तरी मुलाच्या विम्याचा आधार होऊ शकतो.

दोन वर्षांनंतरही माणूस कायमचा आणि पूर्णपणे कामास निकामी झाला तर? त्यासाठी भविष्य निर्वाह निधीबरोबरची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ पाहावी. एरवी तिच्यात पेन्शनसाठी १० वर्षांची नोकरी लागते, पण नोकरीत असताना कायमचे पूर्ण असमर्थत्व आले तर ती १० वर्षांची अट नाही. वैद्यकीय मंडळाकडून तपासणी होते. इथे आजाराच्या नावापेक्षा माणूस कामाला उपयोगी राहिला आहे की नाही हे महत्त्वाचे ठरते. रक्कम मोठी नसते, किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे, पण दर महिन्याची असते. राजीनामा देऊन घरी बसल्यावर हा हक्क सांगणे अवघड जाते, हे पुन्हा बजावून सांगतो.

दुसरी खिडकी : उपचाराचा खर्च

रोजचा पगार बुडणे हे एक, आणि दवाखान्याचे बिल हे दुसरे. बिलासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती होती. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. बागायतदार सभासदही त्यात आला. शिधापत्रिका गावची आणि उपचार मुंबईत असले तरी अडत नाही, योजना राज्यभर एकच आहे.

मात्र उपचार योजनेच्या यादीतला हवा आणि रुग्णालयही योजनेतले हवे. प्रत्येक अशा रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. भरती होतानाच, पैसे भरण्याआधी, त्याला गाठावे. आधी पैसे भरून मागाहून योजना लावायला गेलात तर सहसा परत मिळत नाहीत. फोनवर विचारायचे तर १५५३८८ हा क्रमांक आहे.

यकृत बदलण्याची वेळ आली तर खर्च ५ लाखांत भागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ५ लाखांहून जास्त खर्चाच्या काही उपचारांसाठी वेगळ्या निधीचा निर्णय घेतला, त्यात यकृत प्रत्यारोपण आहे. मुख्यमंत्री सहायता निधीच्या यादीतही यकृत प्रत्यारोपण आहे. तिथे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत लागते आणि पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, घरच्यांच्या हातात नाही. अर्ज शस्त्रक्रियेच्या आधी करावा.

शिवाय धर्मादाय रुग्णालये आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ठरवून दिलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवायच्या आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, आणि ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल घटक धरतात. उपनगरांतली कितीतरी चकचकीत रुग्णालये धर्मादाय नोंदणीचीच आहेत. आत जायला भिऊ नये. काउंटरवर वाद न घालता वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचे आहे असे म्हणावे आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पुढे ठेवावा.

तिसरी खिडकी : संजय गांधी निराधार अनुदान योजना

ज्याच्याकडे विमा नाही, नोकरी नाही, रोजंदारीवर पोट होते आणि आता तेही बंद पडले, त्याच्यासाठी ही राज्याची योजना आहे. तिच्यात दिव्यांगांखेरीज क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारांमुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांनाही जागा आहे. यकृताचे नाव त्यात घेतलेले नाही. पण "यांसारख्या" या शब्दामुळे अर्ज करायला वाट आहे. शासकीय रुग्णालयाच्या दाखल्यावर आजार दुर्धर असून रुग्ण कष्टाचे काम करू शकत नाही असे स्पष्ट लिहून घ्यावे. मंजुरी खात्रीने मिळेलच असे आम्ही म्हणणार नाही, पण अर्ज न करता कोणालाच मिळत नाही.

अनुदान महिना १,५०० रुपये आहे. दिव्यांगांसाठी ते ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० केले आहे, पण त्यासाठी वर सांगितलेला अपंगत्वाचा दाखलाच लागतो. वय ६५ च्या आत आणि राज्यात किमान १५ वर्षे वास्तव्य हवे. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. इथे स्पष्ट बोललेले बरे. सातबारावर उभा ऊस असलेल्या घराचे उत्पन्न या मर्यादेत बसत नाही, आणि ते कमी दाखवून खोटा दाखला घेऊ नये. पण भूमिहीन नातेवाईक, आपल्याकडचे तोडणी मजूर, विभक्त राहणारी विधवा बहीण यांच्यासाठी ही खिडकी आहे. त्यांना ती दाखवणे हे आपले काम.

अर्ज जिथे राहतो तिथल्या तहसील कार्यालयात करायचा. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. घाटकोपर आणि मुलुंडची माणसे कुर्ला तालुक्यात येतात. पुष्कळ जण चुकून दुसरीकडेच रांग धरतात म्हणून हे सांगितले.

लपवू नका

शेवटी एक नाजूक गोष्ट. लिव्हरचे दुखणे म्हटले की लोक पहिल्यांदा "पीत होता का?" असे विचारतात. त्या भीतीने घरचे लोक आजार लपवतात, आणि लपवण्यात दाखल्यांचे महिने बुडतात. दारू हे या आजाराचे मोठे कारण आहे, यात शंका नाही. आपल्याच उसाच्या मळीपासून मद्यार्क होतो, हे माहीत असलेल्या आपण तरी यावर आडपडदा ठेवू नये. जो पितो त्याने आजार झाल्यावर थेंबही घेऊ नये. पण आयुष्यात दारूला न शिवलेल्यालाही सिरॉसिस होतो. हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंनी होतो, मधुमेह आणि वाढत्या वजनाबरोबर यकृतात चरबी साठून होतो. कारण काहीही असो, भरलेल्या वर्गणीचा हक्क हा हक्कच आहे. तो मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व औषधे २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ठराविक सरकारी केंद्रांत मोफत आहेत. हिपॅटायटिस सी बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बी साठी लस आहे आणि ती नवजात बाळाला जन्मल्याबरोबर द्यायची असते. घरात एकाला निघाला तर बाकीच्यांनीही रक्त तपासून घ्यावे.

कागदांची पिशवी

एका पिशवीत एवढे कागद जपून ठेवावेत : आधार कार्ड, शिधापत्रिका, पगाराच्या चिठ्ठ्या, कामगार विम्याचा क्रमांक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, बँकेचे पासबुक, उत्पन्नाचा दाखला, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट तारीखवार, रुग्णालयातून सोडल्याचे प्रत्येक कार्ड. मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी. दिलेल्या अर्जाची पोच शिक्का मारून घ्यावी.

आणि आजच एक काम करावे. मुंबईतल्या मुलाला, पुतण्याला, जावयाला फोन लावून विचारावे, "तुझ्या पगारातून ई.एस.आय. कापतात का? तुझा विमा नंबर काय?" तो नंबर घरच्या वहीत लिहून ठेवावा. दुखणे काही सांगून येत नाही. आले तर कोणत्या खिडकीवर जायचे हे तरी घरात माहीत असावे. ज्यांना कागद वाचून घ्यायचे असतील त्यांनी ती पिशवी घेऊन गट ऑफिसवर यावे. आमच्याकडून होईल तेवढी मदत आम्ही करू.



— संपादक मंडळ